फादर होण्याआधीची वर्षं

सेमिनरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारं विद्यालय. नागपुरात सेमिनरीच्या नावाची टेकडीच आहे. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे त्या भागाला सेमिनरी हिल्स हे नाव पडलं. पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, मुंबईत गोरेगावला सेंट पायस कॉलेज आहे. या फाटकांवरून रोज हजारो लोक जातात, पण आत कोण राहतं, काय शिकतं, याची नीट माहिती फार थोड्यांना असते. मग माहितीची जागा ऐकीव गोष्टी घेतात. कोवळी पोरं उचलून आत नेतात, बायबल घोकून घेतात, धर्मांतराचं तंत्र शिकवतात, एकदा आत गेला की सुटका नाही, असं बरंच काही. ख्रिस्ती घरांतही गैरसमज कमी नाहीत, फक्त ते वेगळे आहेत. माझ्या मते त्यांनीच जास्त नुकसान केलं आहे.

वयाचं आधी पाहू. कॅथलिक चर्चची सध्याची कायद्याची संहिता १९८३ सालची आहे. तिच्यानुसार पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही धर्मगुरूपदाची दीक्षा देता येत नाही. त्याआधीची पायरी डिकनपदाची. तिच्यासाठी तेवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि दोन्ही दीक्षांमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी मायनर सेमिनरी असतात हे खरं. गोव्यातली साळगाव-पिळर्णची अशीच आहे. पण तिथला मुलगा आपलं नेहमीचं शिक्षण घेत असतो, आयुष्यभराची कुठलीही शपथ त्याने घेतलेली नसते. आपल्याकडे बरेच जण बारावीनंतर किंवा पदवीनंतर येतात. काही वर्षं नोकरी करून मग आलेलेही असतात.

त्यानंतरचा रस्ता लांबलचक आहे. रोमने २०१६ मध्ये प्रशिक्षणाचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात सुरुवातीचं किमान एक वर्ष निव्वळ पूर्वतयारीचं ठेवलं आहे. पुढे कायद्याप्रमाणे कमीत कमी सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास: दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी. भारतात मध्ये एखादं वर्ष पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, किंवा शाळा-वसतिगृहात काम करायला पाठवतात, त्याला रिजन्सी म्हणतात. सगळं धरलं तर आठ-दहा वर्षं सहज जातात. जेझुइटांसारख्या व्रतस्थ संघांत त्याहूनही जास्त.

एवढी वर्षं बायबलच पाठ करायचं असतं का? बायबल हा अभ्यासाचा गाभा आहे, पण तो पाठांतराचा विषय नाही. कुठलं पुस्तक कोणत्या काळात लिहिलं गेलं, कुणासाठी लिहिलं गेलं, त्याचा साहित्यप्रकार कोणता, हे शिकावं लागतं. हिब्रू आणि ग्रीकची तोंडओळख करून घ्यावी लागते. चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, उपासनाविधी, चर्चचा कायदा, मानसशास्त्र, प्रवचन कसं करायचं, पापनिवेदनाला आलेल्या माणसाचं ऐकून कसं घ्यायचं, हे सगळं येतं. तत्त्वज्ञानाच्या वर्षांत प्लेटो, ॲरिस्टॉटल, कांट असतात आणि वेदान्त, न्याय, बौद्ध दर्शनंही असतात. रिचर्ड डी स्मेट या बेल्जियन जेझुइटाने शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर रोममध्ये डॉक्टरेट केली आणि पुण्यात अनेक वर्षं भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं. भावी धर्मगुरूंना अद्वैत समजावून सांगण्यात या माणसाने हयात घालवली, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. विज्ञानाचंही तसंच. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र गणितात डॉक्टरेट मिळवून मग सेमिनरीत गेले होते. १९२३ मध्ये त्यांची दीक्षा झाली.

धर्मांतराच्या आरोपाबद्दल आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. मिशनकार्य हा सेमिनरीत शिकवला जाणारा विषय आहे, कारण येशूचा संदेश सांगणं हे चर्च आपलं कर्तव्य मानतं. पण कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येणार नाही, असं चर्चचाच कायदा बजावतो. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाचं फर्मान काढलं ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि यहुदी धर्मांबद्दल आदराने बोलणारं निवेदनही त्याच दिवशी जाहीर झालं. तेव्हापासून इतर धर्मांचा अभ्यास सेमिनरीच्या वेळापत्रकात आहे. एखादा धर्मगुरू याच्या उलट वागत असेल, तर तो आपल्या प्रशिक्षणाविरुद्ध वागतो.

ही सगळी व्यवस्था परदेशातून आलेली आणि परकीयांच्याच हातात राहिलेली, असंही म्हटलं जातं. यात अर्धं सत्य आहे आणि उरलेलं अर्धं फार रंजक आहे. मुळात चर्चच्या पहिल्या पंधराशे वर्षांत आजच्यासारखी सेमिनरी नव्हतीच. कुणी मठात शिके, कुणी कॅथेड्रलच्या शाळेत, कुणी विद्यापीठात, आणि कित्येक जण गावच्या धर्मगुरूच्या हाताखाली जुजबी विधी शिकून दीक्षा घेत. अशा अर्धशिक्षित धर्मगुरूंवर युरोपात कडक टीका झाली. तेव्हा ट्रेंटला भरलेल्या चर्चच्या परिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला की प्रत्येक धर्मप्रांतात मुलांना घडवणारं विद्यालय असावं.

ही कल्पना लवकरच गोव्यात पोहोचली. साष्टीतल्या राशोल इथे जेझुइटांनी सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॉलेज बांधायला घेतलं. त्याच राशोलला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केलं आणि १७६२ पासून राशोल ही धर्मप्रांताची सेमिनरी झाली. ती आजही चालू आहे. कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश रचणारे सेबास्तियाँव रोदोल्फ दाल्गाद हे राशोलचेच विद्यार्थी.

पण स्थानिकांना दीक्षा देताना पोर्तुगीजांचा हात आखडता असे. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रु यांना गोव्यात दीक्षेची वाट बंद दिसली, म्हणून ते रोमला गेले. तिथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखाच्या जबाबदारीवर परतले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. आयुष्यभर पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांचा झगडा चालू राहिला. पुढे पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये सिलोनमधल्या कँडीला पेपल सेमिनरी काढली, तीच मुळी भारताच्या आध्यात्मिक सेवेला भारताचेच पुत्र उभे राहावेत या हेतूने. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. मातेउश यांना जे रोमला जाऊन मिळवावं लागलं, ते आज रामवाडीला मिळतं.

सेमिनरीत सगळं लॅटिनमध्येच चालतं, हा भाषेबद्दलचा समजही जुनाच. सेमिनरीत लॅटिन थोडंफार शिकवतात, पण आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत होते. वसईत ती मराठीत होते. वर्गातली भाषा मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीच आहे आणि हे मला खटकतं. दहा वर्षं इंग्रजीत विचार केलेला तरुण वाड्या-वस्त्यांवर जाऊन मराठीत प्रवचन करतो, तेव्हा त्याचे शब्द पुस्तकी होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण त्यांच्यासारखं मराठी सेमिनरीच्या वर्गात मिळत नाही, ते स्वतःच कमवावं लागतं.

सगळे फादर सारखेच असतात, सगळे दारिद्र्याचं व्रत घेतात, हा आणखी एक समज. जेझुइट, सलेशियन, फ्रान्सिस्कन असे व्रतस्थ संघ दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. धर्मप्रांताचे धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात. साधेपणाने राहणं त्यांच्याकडून अपेक्षित असतं, पण दारिद्र्याचं व्रत त्यांना नसतं. ब्रह्मचर्याचा नियमही जगभर एकसारखा नाही. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येतं आणि ते पोपना मानणारेच कॅथलिक आहेत. कायमस्वरूपी डिकन विवाहित असू शकतात. मुंबईच्या धर्मप्रांतात असे डिकन आहेत. प्रोटेस्टंट पास्टरांची वाट पूर्णपणे निराळी. ते लग्न करतात, काही चर्चेसमध्ये स्त्रियाही पास्टर होतात. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षा फक्त पुरुषांना मिळते, मात्र ईशज्ञान शिकायला स्त्रियांना बंदी नाही. पुण्याच्या ज्ञान-दीप विद्यापीठात धर्मभगिनी आणि प्रापंचिक मंडळीही शिकतात.

आता ख्रिस्ती घरांतला समज. मुलगा सेमिनरीत गेला म्हणजे फादर झालाच, असं आपण धरून चालतो. नातेवाईक आतापासूनच त्याला 'फादर' म्हणू लागतात, आई लोकांना सांगत सुटते, गावात मान वाढतो. मग चौथ्या-पाचव्या वर्षी तो परत आला की घरावर सुतकी कळा येते. प्रत्यक्षात सेमिनरी म्हणजे पारखण्याची जागा आहे. पाचारण, म्हणजे देवाकडून आलेली हाक, खरं आहे का, हे त्या मुलाने पाहायचं असतं आणि चर्चनेही पाहायचं असतं. दर टप्प्यावर सेमिनरीचे प्रमुख असलेले रेक्टर आणि शिक्षक त्याचं मूल्यमापन करतात, तो स्वतःही स्वतःला तपासतो. सगळेच शेवटपर्यंत पोहोचत नाहीत आणि पोहोचावेत अशी अपेक्षाही नसते.

या निवडीचं स्वातंत्र्य जपायला चर्चच्या कायद्याने जी काळजी घेतली आहे, ती लोकांना सांगितलीच जात नाही. दीक्षेसाठी कुणावरही, कोणत्याही कारणाने जबरदस्ती करणं निषिद्ध आहे. दीक्षा घेणाऱ्याने, आपण हे स्वखुशीने करतो आहोत, असं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही करून द्यावं लागतं. आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूकडे मुलाने जे मन मोकळं केलं, ते निवडीत वापरता येत नाही. दीक्षा द्यावी की न द्यावी याबद्दल त्या दोघांचं मत मागायलाच मनाई आहे. मानसशास्त्रीय चाचणी करायची तर मुलाची लेखी संमती लागते.

लैंगिक शोषणाच्या प्रकरणांनी कॅथलिक चर्चची मान जगभर खाली गेली आहे. या शोषणाची मुळं कच्च्या निवडीत आणि झाकपाक करण्याच्या सवयीतही आहेत. २०१६ च्या आराखड्यात मुलांच्या आणि दुर्बल व्यक्तींच्या संरक्षणाकडे विशेष लक्ष देण्याची सूचना आहे आणि भावनिक परिपक्वतेवर भर आहे. कागदावर हे ठीक आहे. पण एखाद्या मुलाबद्दल शंका असताना, धर्मगुरू कमी आहेत म्हणून त्याला पुढे ढकलणं हा गुन्हाच मानला पाहिजे. जाऊ इच्छिणाऱ्याला जाऊ देणं आणि न पेलवणाऱ्याला थांबवणं, हे सेमिनरीचं अपयश नाही, तिचं काम आहे.

परत येणाऱ्यासमोर एक व्यावहारिक अडचण उभी राहते. ईशज्ञानाच्या पदव्या रोमच्या अधिकाराखाली मिळतात, त्यामुळे बाहेरच्या नोकरीत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी हाती बाजारात चालणारी पदवी नसलेला हुशार तरुण कुठे जाणार? दीक्षेआधी विद्यापीठाची पदवी पूर्ण करून घेणं प्रत्येक बिशपने सक्तीचं करावं, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. पोटाची सोय नाही या भीतीने आत राहिलेला माणूस स्वखुशीने राहिला असं म्हणता येणार नाही.

तुमच्या गावातला, तुमच्या नात्यातला कुणी मुलगा सेमिनरीतून परत आला असेल, तर 'का परत आलास?' हे त्याला विचारू नका. त्याला जेवायला बोलवा, पुढे काय शिकायचं आहे ते विचारा, ओळखीत कुठे काम असेल तर सांगा. आणि आज जो मुलगा आत आहे, त्याला दीक्षा होईपर्यंत त्याच्या नावानेच हाक मारा.