मुठीतली बाभूळ

गावाकडं गेलात की गोठ्याच्या मागं एकदा डोकावून बघा. कडब्याची गंजी, तुटका कुळव, फवारणीचा जुना पंप आणि त्या सगळ्यात ताडपत्रीखाली झाकलेली जीप. कवठे महांकाळ, जत, आटपाडीच्या पट्ट्यात अशा जीपा अजून सापडतात. माळावरच्या गाडीवाटेनं, ओढ्यातल्या वाळूतून आणि मुरमाच्या चढावर साधी गाडी फसायची, तिथं हीच चालायची. आता आजोबा म्हणतात, "ठेवू दे." वडील म्हणतात, "भंगारात घालू." आणि तुम्ही मधे उभे!

ड्रायव्हरच्या जागेवर बसून गियरच्या दांड्यावर हात ठेवा. वरचा गोळा बहुतेक वेळा तडकलेला, नाहीतर गायबच असतो. दांड्याच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली असते. सगळी गाडी दुरुस्त करायला पैसा लागतो, वेळ लागतो. पण हा गोळा? तो तुम्ही येत्या सुट्टीत स्वतः बनवू शकता.

आधी ओळख

१९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. १९४८ मध्ये तिचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या विलिज कंपनीच्या जीपांची जोडणी मुंबईत सुरू झाली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही आपल्याकडं सगळ्यात ओळखीची. तिच्यात जमिनीतून तीन दांडे वर येतात. एक मुख्य गियरचा, दुसरा पुढची चाकं जोडायचा आणि तिसरा जास्त ताकदीच्या 'लो' गियरचा. तीन गियरच्या जुन्या जीपमध्ये डावीकडं वर रिव्हर्स आणि त्याच्या खाली पहिला असतो. उजवीकडं वर दुसरा, खाली तिसरा. नवीन गाडी शिकलेला माणूस इथं हमखास चुकतो. पहिला टाकायला जातो आणि गाडी मागं सरकते! म्हणून गोळ्यावर हा नकाशा कोरलेला असणं ही नुसती हौस नाही.

लाकूड कुठलं?

दुकानात जाऊ नका. आपला भाग दुष्काळी. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण त्याआधीपासून इथं न मागता उगवते ती बाभूळ. बैलगाडीची चाकं, औतं, कुऱ्हाडीचे दांडे हे सगळं बाभळीचं, कारण हे लाकूड जड, चिवट आणि धक्का सोसणारं. तुटक्या गाडीच्या चाकाचा पाटा किंवा जुन्या औताचा तुकडा मिळाला तर सोनंच. तो वर्षानुवर्षं उन्हात सुकलेला असतो.

ओलं लाकूड मात्र घेऊ नका. ताज्या फांदीचा गोळा कातला की पहिल्या दिवशी देखणा दिसतो आणि पंधरा दिवसांत त्याला उभी चीर पडते. वरचा थर लवकर सुकून आकसतो, आतला मागं राहतो, म्हणून हे होतं. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष सुकवण, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. बाहेरचं फिकट लाकूड सोडा, आतला तांबूस गाभा घ्या. साठ मिलिमीटर चौरस आणि शंभर मिलिमीटर लांब तुकडा पुरतो. त्यात जुना खिळा नाही ना, हे चुंबक फिरवून तपासा. खिळ्यावर पटाशी आपटली तर ती तुमच्याच अंगावर येते.

आट्यांचा घोळ

बहुतेक पोरं इथं फसतात. गियर दांड्याच्या टोकाला आटे असतात. ही गाडी मुळात अमेरिकी मापांची, म्हणून आटे इंची असण्याची शक्यता मोठी. मिलिमीटरचा नट दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. जोर लावलात तर दांड्याचेच आटे जातात. म्हणून अंदाज नको. कुठल्याही लेथ वर्कशॉपमध्ये आटे मोजायची गेज असते. व्हर्नियरनं जाडी घ्या, गेजनं आटे मोजा, कागदावर लिहा.

थेट लाकडातच आटे पाडायचा मोह होईल. टाळा. दांडा सतत थरथरत असतो आणि लाकडातले आटे हळूहळू पिठासारखे झिजतात. मग एखाद्या दिवशी घाटात, चढावर गियर बदलताना गोळा हातात येतो! पितळेचा किंवा लोखंडाचा, आतून आटे असलेला बुश करून घ्या. बाहेरून तो खरबरीत हवा, म्हणजे एपॉक्सी घट्ट धरते. लाकडात सरळ भोक पाडा, बुश चिकटवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

आता लेथवर

कातकाम करणाऱ्याला आपल्याकडं कातारी म्हणत. पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे ही त्यांचीच कामं. आज गावात कातारी मिळाला नाही तरी फर्निचरवाल्याकडं लाकडाचा लेथ सापडतो. पहिल्यांदा एकट्यानं करू नका. "मामा, जरा शेजारी थांबता का?" एवढं विचारलंत की कोणीही मिस्त्री थांबतो.

काम सुरू करण्याआधी बाह्या वर, ओढणी काढलेली, केस बांधलेले, हातातला कडा-दोरा उतरवलेला. डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क. हातमोजे मात्र अजिबात नकोत. फिरत्या लाकडानं मोजा धरला की हात सोबत जातो.

त्याच आट्यांचा बोल्ट घ्या, त्याचं डोकं कापा आणि तो लेथच्या चकमध्ये धरा. त्यावर तुकडा फिरवून घट्ट बसवा. भोक आधी आणि आकार नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. मग गोळा भोकाभोवती बरोबर मधोमध होतो. दुसऱ्या बाजूनं टेलस्टॉकचा आधार द्या. मशीन चालू करण्याआधी तुकडा हातानं एक फेरा फिरवून बघा, कुठं अडतोय का.

सुरुवात कमी वेगानं करा. कोपरे गेले आणि तुकडा गोल झाला की वेग वाढवा. पटाशी टेकणीवर घट्ट ठेवा, धार हळूच भिडवा. कोरडी बाभूळ कडक असते. घाई केली की कपचा उडतो. पुठ्ठ्याचा अर्धगोल साचा कापून ठेवा आणि मधूनमधून मशीन बंद करून तो लावून बघा. पंचेचाळीस ते पन्नास मिलिमीटरचा गोळा बहुतेक हातांना जमतो. पण शेवटचा निकाल साचा देत नाही. आजोबांना बोलवा, त्यांच्या तळव्यात तो गोळा द्या. "जरा चपटा कर" म्हणाले तर चपटा करा.

मग टेकणी बाजूला काढून पॉलिश पेपर लावा. १२०, १८०, २४० आणि शेवटी ४००. फिनिशला जवसाचं तेल पुरतं. पातळ हात द्या, पुसा, सुकू द्या, पुन्हा द्या. एक इशारा: तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना तापते आणि आपोआप पेटू शकते. मोकळी पसरून वाळवा. चकाकी हवी असेल तर सावंतवाडीच्या खेळण्यांची रीत आहेच. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते.

गियरचा नकाशा तापवलेल्या तारेनं कोरा. गोळा दांड्यावर बसवा, खालून लॉकनट आवळा. इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून बघा. हात डॅशबोर्डला लागत नाही ना, गोळा फिरत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको.

दुरुस्तीतून हुन्नर

हे सगळं कशासाठी, असं वाटेल. बाजारात तयार गोळा मिळतोच की. मग मिरजेकडं बघा. एकोणिसाव्या शतकात तिथले शिकलगार शस्त्रांना धार लावायचे. शस्त्रांचे दिवस संपत आले तेव्हा ते वाद्यं दुरुस्त करू लागले. त्या दुरुस्तीतून सतार आणि तंबोऱ्याचा असा हुन्नर उभा राहिला की २०२४ मध्ये मिरजेच्या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे आपल्याच दिशेनं.

आणि देवराष्ट्रे? आपल्याच जिल्ह्यातल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी गाडी बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती मिळाली.

त्यातला नियमांचा भागही लक्षात ठेवा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नसते. म्हणून भंगारवाल्याला फोन करण्याआधी आरसी बुक शोधा आणि तारीख बघा.

गोळा बसला म्हणून जीप लगेच सुरू होणार नाही. कार्ब्युरेटर, ब्रेक, वायरिंग बाकी आहेच. पण घरात 'भंगारात घालू' हा विषय निघेल तेव्हा तुमच्याकडं नुसता हट्ट नसेल, हातानं केलेलं एक काम असेल. जुना तडकलेला गोळाही टाकू नका. एका बाजूनं तो जास्त झिजलेला दिसेल. तिथं आजोबांचा अंगठा असायचा.