चिंचणीचे ताम्रपट आणि डायचे कारागीर

डहाणू तालुक्यातील चिंचणी हे खाडीपलीकडच्या तारापूरशी नावाने कायम जोडले गेलेले गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानलेखांमुळे. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील शके 848 (इ.स. 926) च्या लेखात, संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार मधुमती नावाच्या ताजिक, अर्थात अरब, अधिकाऱ्याकडे असल्याचे नोंदले असून, त्याने दोन प्रवाहांवर मोफत नावा ठेवल्या आणि भात, कालवण व तूप फुकट वाढणारे सत्र, म्हणजे अन्नछत्र, चालवले, असेही त्यात म्हटले आहे. देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, दिलेल्या दानाला त्याच अरब अधिकाऱ्याची संमती होती, ही बाब कोकणच्या इतिहासात फार मोलाची आहे. पुढील काही लेख शिलाहार छित्तराज आणि मोढ घराण्यातील विज्जल यांच्या काळातील आहेत.

कोरीवकामाशी गावाचे नाते आजही आहे, मात्र ते निराळ्या धंद्यातून: चिंचणी, वरोर परिसरात घरोघरी ‘डाय’ घडवले जातात, म्हणजे पोलादी ठोकळ्यावर छिन्नीने दागिन्याची नक्षी खोलगट कोरली जाते आणि त्यावर पातळ पत्रा ठेवून दाब दिला की ती उठावात उमटते.