शालेय शिक्षणातील स्पर्धा आणि बक्षिसे

विद्यार्थ्यांनी अभ्यासाकडे वळावे यासाठी शाळेत योजली जाणारी बक्षिसे, शिष्यवृत्त्या, गुणानुक्रम व स्पर्धा यांना मानसशास्त्रात बाह्य प्रेरणेची साधने म्हणतात. विषयाची गोडी, कुतूहल किंवा एखादी गोष्ट जमल्याचा आनंद यांतून निर्माण होते ती आंतरिक प्रेरणा होय. बाह्य प्रेरणेमुळे आंतरिक प्रेरणा वाढते की घटते, हा शिक्षणशास्त्रातील एक महत्त्वाचा वादविषय आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

मॅट्रिक परीक्षेतील संस्कृतच्या गुणांवर दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती अत्यंत प्रतिष्ठेची मानली जात असे. चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये तिचे मानकरी ठरले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षांमध्ये हीच परंपरा पुढे दिसते. याउलट, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे मॉन्टेसरी विचाराचे पुरस्कर्ते होते. मारिया मॉन्टेसरी यांनी बालशिक्षणात शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही अनावश्यक मानली.

बक्षिसांचा परिणाम

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले गेले. दुसऱ्या गटाला ते अनपेक्षितपणे देण्यात आले. तिसऱ्याला काहीच मिळाले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातील मुलांनी चित्रकलेला इतर दोन गटांच्या सुमारे निम्माच वेळ दिला. आवडीचे काम बक्षिसासाठी केल्यावर त्याची मूळ गोडी उणावते, असा निष्कर्ष यातून निघाला. मुळात गोडी नसलेल्या कामाला मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही.

बक्षीस कशासाठी दिले जाते, हेही महत्त्वाचे असते. रोलँड फ्रायर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, डॅलसमध्ये दुसरीतील मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिल्यावर त्यांच्यापैकी इंग्रजीभाषक मुलांचे वाचन-आकलन सुधारले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतील गुणांसाठी पैसे देऊन मात्र विशेष फरक पडला नाही. पुस्तक वाचणे मुलाच्या हाती असते. गुण वाढवण्यासाठी नेमके काय करावे, हे त्याला अनेकदा ठाऊक नसते.

स्पर्धेच्या मर्यादा

पहिला क्रमांक एकालाच मिळतो. त्यामुळे चढाओढीचा लाभ मुख्यतः यशाच्या जवळ असलेल्या विद्यार्थ्यांना होतो. आपला क्रमांक येणारच नाही असे ज्याला वाटते, तो प्रयत्न सोडून देण्याची शक्यता असते. दरवर्षी त्याच विद्यार्थ्यांचा सत्कार होत राहिल्यास उरलेल्या वर्गाला स्वतःविषयी वेगळाच बोध होतो. यावर उपाय म्हणून रॉबर्ट स्लेव्हिन यांनी मांडलेल्या गट-अध्ययन पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची तुलना त्याच्याच पूर्वीच्या गुणांशी केली जाते आणि त्याची प्रगती गटाच्या खात्यात जमा होते. त्यामुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्यालाही गटाच्या यशात वाटा मिळतो.

वर्गातील उपयोग

वरील अभ्यासांतून शिक्षकांसाठी काही सूत्रे निघतात. आवडीच्या कामासाठी आमिष दाखवू नये. नावडत्या कामाच्या आरंभी लहानसे बक्षीस उपयोगी पडू शकते. बक्षीस निकालापेक्षा विद्यार्थ्याच्या आवाक्यातील कृतीला द्यावे. कौतुक करताना काय चांगले झाले, हे नेमके सांगावे.