मध्यरात्रीचा विनोद आणि त्याचे धनी

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड नांवाचें गांव आहे. तेथें पोलीस ठाणें असल्यामुळें यात्रेच्या करमणुकीची परवानगी मागण्यासाठीं आसपासच्या खेड्यांना त्याची पायरी चढावी लागते. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपून ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें चैत्राच्या सुमारास या जिल्ह्यांत परतूं लागतात. हातांत चार पैसे असतात, पेरणीस अवकाश असतो, आणि गांवोगांवच्या यात्रा याच दिवसांत भरतात. यात्रेंत रात्रीं तमाशा असावा ही अपेक्षा पिढ्यान् पिढ्यांची. परंतु परवानगीबरोबर आज एक अट येते, ती ही कीं कर्णे रात्रीं दहा वाजतां बंद झाले पाहिजेत. आतां ज्यांत राजा, प्रधान, कोतवाल आणि त्या सर्वांची फजिती करणारा सोंगाड्या असतो, तो तमाशांतील वग जुन्या रीतीप्रमाणें मध्यरात्रीच्या आगेमागें सुरू होतो. म्हणजे ज्या घटकेस खरा विनोद रंगावयाचा, त्याच्या आधींच पडदा पाडावा लागतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस रात्रीचा राजकीय विनोद म्हटला म्हणजे दूरचित्रवाणी आठवते. अमेरिकेंतील असे कार्यक्रम अडचणींत आल्याच्या वार्ताहि त्यांनीं वाचल्या असतील. त्यांचा विचार पुढें येईलच. पण हा धंदा आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या फार पूर्वीपासून चालत आला आहे, आणि तो खालावला कसा हें आपल्याच फडांवरून अधिक स्पष्ट दिसतें.

तमाशाची मांडणी ठरलेली असते. आधीं गण, मग गवळण, त्यांत मावशी आणि पेंद्या. पुढें बतावणी आणि लावणी, आणि अखेरीस वग. बतावणी व वग यांतील पुष्कळसा भाग लिहिलेला नसतो. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो. संवाद उभ्या उभ्या जुळवावयाचे. चांगला सोंगाड्या गांवांत उतरला कीं पाटील कोण, भांडण कशाचें, रस्ता कोणीं खाल्ला याची चहाच्या दुकानीं चौकशी करी, आणि रात्रीं दोन वाजतां राजाच्या दरबारांत तोच रस्ता निघे. राजा कोणत्या देशाचा हें कोणी विचारीत नसे. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनीं ‘जहरी प्याला’ या वगांत हवालदारांचीं सोंगें घेऊन उभ्या महाराष्ट्राला हंसविलें. खरा हवालदार त्या वेळीं कनातीच्या दाराशीं बंदोबस्तास उभा असे, आणि तोहि हंसे.

राज्यकर्त्यांना या हंसण्याची भीति नवी नाहीं. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा इंग्रज सरकारनें १८७६ सालीं केला. त्याच सुमारास, १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापला होता. पुढें त्या समाजाच्या जलशांनीं तमाशाचाच घाट उचलून त्यांत भटशाही व सावकारी यांवर कोरडे ओढले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं आंबेडकरी जलसे उभे केले. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें, आणि ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचें इलेक्शन’ अशा वगांनीं गिरणगांवाच्या पटांगणांत हजारों कामगार बसविले. स्वातंत्र्यानंतर लागलीच मुंबई सरकारनें अश्लीलतेचें कारण सांगून तमाशावर बंदी घातली. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं सुधारणेसाठीं समिति बसली, बंदी अटींवर उठली, आणि १९५४ पासून संहिता आधीं तपासून घेण्यासाठीं परिनिरीक्षण मंडळ आलें. जें लिहिलेलेंच नाहीं तें तपासणार कसें, हा प्रश्न मंडळालाहि पडला असावा. दिंद्रुडचा मुलूख त्या वेळीं या आज्ञांच्या बाहेर होता, कारण बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आला. पण तेथें मोकळीक होती असें नाहीं. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वयें साधी सभा भरवावयासहि परवानगी लागे.

एवढ्या बंधनांनीं विनोद मेला काय? नाहीं. बंदी आली तेव्हां अण्णा भाऊंनीं ‘लोकनाट्य’ हें नांव पुढें केलें आणि त्याच खेळाला पांढरपेशा प्रेक्षकहि मिळाला. १९६५ मध्यें वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलें. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत तयार झालेले दादा कोंडके त्यांत हवालदार होत आणि प्रयोगागणिक ताज्या राजकारणावर पदरचे संवाद घालीत. मंत्री प्रेक्षकांत असले तर त्यांनाहि सोडीत नसत. हें त्यांना साधलें याचें श्रेय त्यांच्या जिभेइतकेंच तिकिटाच्या खिडकीलाहि दिलें पाहिजे. नाट्यगृहांत बसलेल्या शेंकडों माणसांनीं प्रत्येकीं थोडथोडे पैसे मोजलेले असत, त्यामुळें एकटा कोणी रुसला तरी खेळ बंद पडत नसे.

ढोलकी फडाच्या धंद्यांतहि पूर्वीं हाच आधार होता. दसऱ्यास फड बाहेर पडे. मोठमोठ्या यात्रांत कनात ठोकून तिकिटावर खेळ होत. चैत्र-वैशाखांत मात्र गांवें फडाला एकरकमी ठरवून नेत. या ठरावाला सुपारी म्हणतात. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव ही या व्यवहाराची पेठ. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात, गांवकारभारी येतात, तारीख आणि रक्कम ठरते. विठाबाई भाऊ मांग यांचें नांव याच गांवाशीं जोडलेलें आहे. फड म्हणजे साठसत्तर किंवा त्याहून अधिक माणसें, मालमोटारी, तंबू, दिवे आणि वर्षभराचें कर्ज. चित्रपट, मग दूरचित्रवाणी, मग हातांतला भ्रमणध्वनि यांनीं तिकिटावरचा प्रेक्षक ओढून नेला, तसा फड अधिकाधिक सुपारीवर विसंबूं लागला.

येथेंच खरा पालट झाला, आणि तो फारसा कोणाच्या लक्षांत आला नाहीं. सुपारी यात्रा कमिटी देते. वर्गणी गांवाची असली तरी मोठा आंकडा बहुधा एखाद्या पुढाऱ्याचा असतो, आणि येत्या निवडणुकीवर त्याची दृष्टि असते. तो पुढच्या खुर्चीवर बसतो. खेळ मध्येंच थांबवून त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार होतो. अशा वेळीं रस्ता कोणीं खाल्ला हें सोंगाड्यानें विचारावें तरी कसें? त्याला पुढच्या वर्षींहि याच गांवीं यावयाचें असतें. मग तो दिल्लीच्या किंवा परदेशच्या पुढाऱ्यावर बोलतो, नाहीं तर नवराबायकोवर. या भित्रेपणाबद्दल त्याला दोष देणें सोपें आहे. सत्तर माणसांच्या जेवणाची काळजी ज्याला नाहीं त्यानें तो देऊं नये.

त्यांत वेळेचें बंधन आलें. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारनें २००० सालीं केले आणि सर्वोच्च न्यायालयानें २००५ मध्यें त्यांची सक्ति दृढ केली. वर्षांतून फार तर पंधरा दिवस राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देतां येते. नियम अन्यायाचा नाहीं. आजारी माणूस आणि परीक्षेचा विद्यार्थी यांनाहि गांवांत घर असतें. परंतु साताला सुरू झालेला खेळ दहाला संपवावयाचा तर काय गाळावें हें कमिटी ठरविते, आणि चित्रपटगीतांवरील नाच, ज्याला फडांत रंगबाजी म्हणतात, तो ठेवून वग गाळला जातो. पुढें २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचे चैत्र महामारीनें सबंध बुडविले. २०२४ मध्यें लोकसभेची निवडणूक नेमकी यात्रांच्या दिवसांत आली. बीडचें मतदान १३ मेला झालें. राजकारणाची थट्टा करणाऱ्या खेळाचा हंगाम राजकारणाच्याच आचारसंहितेंत सांपडावा, हा योग एखाद्या वगांत शोभला असता.

आतां अमेरिकेकडे पाहावें. तेथें हा धंदा १९५४ पासून, ‘टुनाइट’ या कार्यक्रमापासून चालला आहे, आणि जॉनी कार्सन यांनीं १९६२ ते १९९२ अशीं तीस वर्षें त्याची गादी सांभाळली. घरोघरच्या लोकांनीं झोपण्यापूर्वीं पाहावें, जाहिरातदारांनीं त्या पाहण्याचे पैसे द्यावे, असा तो हिशेब. पाहणारे भ्रमणध्वनीवर दुसऱ्या दिवशीं चार मिनिटांचा तुकडा पाहूं लागले आणि जाहिरातीचा पैसा आटला. जुलै २०२५ मध्यें स्टीफन कोल्बेर यांचा कार्यक्रम मे २०२६ मध्यें बंद करण्याचें सीबीएस कंपनीनें जाहीर केलें, आणि कारण केवळ आर्थिक असल्याचें सांगितलें. पण त्याच महिन्यांत तिच्या मालक कंपनीनें राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्याशीं चाललेला दावा १ कोटि ६० लक्ष डॉलर देऊन मिटविला होता, आणि कंपनीच्या विलीनीकरणास सरकारची संमति हवी होती. तीहि त्याच महिन्यांत मिळाली. सप्टेंबरांत जिमी किमेल यांचा कार्यक्रम, सरकारी नियामकाच्या जाहीर इशाऱ्यानंतर, कांहीं दिवस थांबविला गेला. हें पैशाचें कारण कीं राजकारणाचें, यावर तिकडे मोठा वाद झाला. नारायणगांवच्या फडमालकाला तो वाद ऐकून हंसूं आलें असतें. नफा आटला म्हणजे मालकाला विनोदी नटासाठीं भांडण्यांत लाभ उरत नाहीं; भरल्या कनातीचा मालक पाटलाला उत्तर देतो, रिकाम्या कनातीचा देत नाहीं.

मराठी दूरचित्रवाणीवर विनोद आहेच. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून दहा वर्षें चालला, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून गाजली, आणि कित्येक गुणी नट त्यांतून पुढें आले. परंतु वाहिनीचा धनीहि एकच असतो, आणि तेथें सत्तेच्या नांवानें चिमटा क्वचितच निघतो. जो निघतो तो बाहेर, आणि त्याची झळ जागेच्या मालकाला लागते. मार्च २०२५ मध्यें मुंबईच्या खार भागांतील ज्या सभागृहांत कुणाल कामरा यांनीं उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केलें होतें, त्याची शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनीं मोडतोड केली, आणि दुसऱ्याच दिवशीं महानगरपालिकेचे लोकहि हातोडे घेऊन तेथें पोंचले. नट बोलून गेला होता. खुर्च्या मोडल्या त्या सभागृहाच्या.

शासन कांहीं फडांना अनुदान देतें. त्यानें मालमोटारीचा हप्ता फिटतो, पण मग पुढच्या खुर्चीवर शासनच येऊन बसतें. दुसरी वाट अधिक जुनी आहे. ध्वनीचा नियम उघड्या जागेला लागू आहे. बंदिस्त नाट्यगृहांत आवाज बाहेर न जाऊं देतां रात्रीं दहानंतरहि कर्णा चालूं शकतो. जिल्ह्याच्या गांवीं आणि शहरांत अशीं नाट्यगृहें आहेत, आणि लग्नसराई व परीक्षा सोडून तीं पुष्कळदां रिकामीं असतात. तेथें तिकीट लावून पूर्ण वग, गणापासून भैरवीपर्यंत, ठेवतां येईल. प्रेक्षक पुरेसा येईल कीं नाहीं हें फडमालकाला आधीं कळणें शक्य नाहीं, म्हणून तो सुपारी सोडून असा खेळ लावण्यास धजत नाहीं. चार-पांचशें कुटुंबांनीं वर्षांतून एका रात्रीचें तिकीट आगाऊ घेतलें तर तो धजेल, आणि त्या रात्रीं सोंगाड्याला कोणाच्या खुर्चीकडे पाहून बोलावें लागणार नाहीं.