न दिसणारे अक्षर

मुळशी तालुक्यातील पावसाविषयी पुणेकरांना वेगळे सांगायला नको. सह्याद्रीच्या कड्याला येऊन थडकणारे ढग ताम्हिणीच्या परिसरात रिते होतात. मुळशी धरणात साठलेले पाणी घाटाखाली भिरा येथे नेऊन त्यापासून वीज निर्माण करण्यास १९२७ साली सुरुवात झाली. पाऊस मोजणे हा या भागात केवळ शालेय प्रयोग नव्हे, तर जिव्हाळ्याचा विषय आहे.

या तालुक्यातील एका शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला आहे. नववीतील एक विद्यार्थिनी रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून वहीत नोंद करी. साडेआठ हीच भारतीय हवामान खात्याचीही पाऊस मोजण्याची वेळ आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे १२२ दिवस तिने एकही खाडा केला नाही. नंतर त्या नोंदी तिने शाळेतील विंडोज संगणकावर नोटपॅडमध्ये उतरवल्या. एका ओळीत आधी तारीख, मग मोकळी जागा, मग मिलिमीटरमधील पाऊस, अशा १२२ ओळींची फाईल तयार झाली.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिला प्रश्न पडला : यांपैकी किती दिवस पूर्ण कोरडे गेले? शाळेच्या संगणकात नुकतीच युनिक्स पद्धतीची साधने बसवली होती. त्यांपैकी ‘ग्रेप’ या साधनाला तिने आज्ञा दिली : ‘ज्या ओळीच्या अगदी शेवटी मोकळी जागा आणि त्यानंतर शून्य आहे, अशा ओळी मोज.’ क्षणार्धात उत्तर आले : शून्य. म्हणजे चार महिन्यांत एकही कोरडा दिवस नाही! मुळशीचाच पाऊस तो. कोणालाच आश्चर्य वाटले नाही. तक्त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहायचेही ठरले. पण ती मुलगी मात्र घुटमळत होती. मी शाळेत गेलो तेव्हा ती म्हणाली, “सर, पण माझ्या वहीत तर एकोणीस शून्ये आहेत.”

वही खरी की संगणक? हे कोडे सोडवण्यापूर्वी ही साधने म्हणजे काय, ती विंडोज संगणकात कशी बसवतात आणि ती कोठे कोठे अडतात, हे पाहू या.

छोटी साधने, मोठे काम

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली ‘युनिक्स’ ही संगणकाची कार्यप्रणाली तयार करण्यास प्रारंभ केला. एका प्रचंड आज्ञावलीने सर्व कामे करण्याऐवजी, एकच काम चोख करणारी अनेक छोटी साधने असावीत, हा तिच्यामागील विचार. ग्रेप हवा तो मजकूर असलेल्या ओळी निवडते, सॉर्ट ओळींचा क्रम लावते, डब्ल्यूसी ओळी, शब्द व अक्षरे मोजते.

या साधनांची खरी शक्ती मात्र त्यांच्या जोडणीत आहे. डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ साली युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय झाली. शेतात एका पन्हळीचे पाणी पुढच्या पन्हळीत सोडावे, तसे एका साधनाचे उत्तर दुसऱ्याला थेट देता येते. कळफलकावरील उभी रेघ हे त्या जोडणीचे चिन्ह. ग्रेपने जुलै महिन्याच्या ओळी निवडल्या, सॉर्टने त्या पावसाच्या आकड्यानुसार लावल्या, की सर्वांत खालची ओळ म्हणजे जुलैतील सर्वाधिक पावसाचा दिवस! नवी आज्ञावली लिहावी लागत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली युनिक्सच्याच वळणाची आहे. नारायणगावजवळील खोडद येथे ३० अँटेना असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या निरीक्षणांवर संस्कार करण्याचे काम मुख्यतः लिनक्स संगणकांवरच चालते. पण आपल्या शाळांत बहुधा विंडोज असते. मग काय करावे?

दुभाषी आणि दुसरे बिऱ्हाड

याला दोन मार्ग आहेत. पहिला दुभाष्याचा. सिग्नस या कंपनीतील स्टीव्ह चेंबरलेन यांनी १९९५ साली ‘सिग्विन’चे काम सुरू केले. युनिक्सचे साधन प्रणालीला एखादी फाईल उघडण्याची विनंती करते, तेव्हा सिग्विन ती विनंती विंडोजला समजेल अशा रूपात सांगतो. ‘गिट फॉर विंडोज’ बसवल्यावर मिळणारी ‘बॅश’ची खिडकीही याच घराण्यातील आहे.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच घरात दुसरे बिऱ्हाड थाटणे. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली डब्ल्यूएसएल ही सोय विंडोज १० मध्ये आणली. तिची पहिली आवृत्तीही दुभाष्याचेच काम करी. दुसऱ्या आवृत्तीत मात्र विंडोजच्या पोटात एक आभासी संगणक चालतो आणि त्यावर खराखुरा लिनक्सचा गाभा काम करतो.

हे बसवण्याची रीत सोपी आहे. विंडोज ११, किंवा विंडोज १० ची २००४ या क्रमांकाची अथवा त्यानंतरची आवृत्ती हवी. शिक्षकांच्या परवानगीने, व्यवस्थापकाच्या अधिकाराने पॉवरशेलची खिडकी उघडावी. तेथे रोमन लिपीत डब्ल्यूएसएल, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा व त्यांना लागून ‘इन्स्टॉल’ असे टंकावे. इंटरनेटवरून उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली उतरते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की नवे नाव व परवलीचा शब्द विचारला जातो. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर काहीही उमटत नाही. अनेकजण येथेच कळफलक बिघडला असे समजून घाबरतात! शब्द नीट टंकून एंटर कळ दाबावी, इतकेच.

‘आभासीकरण बंद आहे’ अशा अर्थाचा संदेश आला, तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ची स्थिती पाहावी. ते बंद असल्यास संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, शिक्षकांकडून सुरू करून घ्यावे. संगणक जुना असून ती सोयच नसेल, तर दुभाष्याचा मार्ग मोकळा आहेच.

बोलके दोष

साधने बसली तरी पहिल्या दिवशी ती कुरकुरतात. त्यांतील बहुतेक दोष ‘बोलके’ असतात, म्हणजे संगणक स्वतःच तक्रार करतो.

‘आज्ञा सापडली नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. तुम्ही एखाद्या साधनाचे नाव टंकता, तेव्हा संगणक सगळी तबकडी धुंडाळत नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीत जे कप्पे लिहिलेले असतात, तेवढेच तो क्रमाने पाहतो. साधन संगणकात असूनही त्याचा कप्पा यादीत नसेल, तर ते सापडत नाही. याच क्रमामुळे उलट गंमतही होते. ‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ या नावांची साधने विंडोजची स्वतःचीही आहेत. यादीत विंडोजचा कप्पा आधी असेल, तर हाक एकाला मारावी आणि ओ दुसऱ्याने द्यावी, असा प्रकार होतो.

‘अशी फाईल नाही’ ही दुसरी तक्रार. युनिक्समध्ये कप्प्यांची नावे पुढे झुकलेल्या तिरप्या रेघेने जोडतात, तर विंडोजमध्ये मागे झुकलेल्या रेघेने. याचे कारण ऐतिहासिक आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत १९८३ साली, दुसऱ्या आवृत्तीत, कप्प्यांची सोय आली. परंतु पुढे झुकलेली रेघ तोपर्यंत आज्ञेतील पर्याय दाखवण्यासाठी वापरात होती. म्हणून उलटी रेघ घ्यावी लागली. डब्ल्यूएसएलमधून विंडोजची सी तबकडी पाहायची, तर ‘एमएनटी’ या कप्प्यातील ‘सी’ या उपकप्प्यात जावे लागते. शिवाय लिनक्सला मोठे आणि लहान रोमन अक्षर वेगळे वाटते, आणि नावात मोकळी जागा असल्यास संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्यावे लागते. विंडोज फाईलच्या नावातील शेवटचा ‘टीएक्सटी’ हा भाग बहुधा लपवते. त्यामुळे तो आपण पुन्हा टंकला, तर नावात दोनदा येतो आणि आपल्याला कळतही नाही!

असे दोष त्रासदायक खरे, पण प्रामाणिक. उत्तरच मिळत नसल्यामुळे आपण सावध होतो. खरी भीती असते ती मुक्या दोषाची. आपल्या पर्जन्यनोंदीत तोच लपला होता.

मुका दोष सापडतो

आम्ही प्रथम फाईलची फक्त एक ओळ घेतली. पाऊस शून्य असलेली ओळ. ग्रेपला तीही सापडेना. मग तीच ओळ लिनक्समध्येच नव्याने टंकून दुसरी फाईल केली. ती मात्र ताबडतोब सापडली! डोळ्यांना दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या. म्हणजे दोष ग्रेपमध्ये नव्हता आणि आज्ञेतही नव्हता; पहिल्या फाईलमध्ये डोळ्यांना न दिसणारे काहीतरी होते.

‘कॅट’ या साधनाला आडवी रेघ व मोठे ए अक्षर जोडले, की ते न दिसणारी अक्षरेही दाखवते. लिनक्समध्ये टंकलेल्या ओळीच्या शेवटी फक्त डॉलरचे चिन्ह आले. ते ओळीचा शेवट दाखवते. नोटपॅडच्या ओळीत मात्र शून्य आणि डॉलर यांच्यामध्ये टोपीसारखे चिन्ह व एम हे अक्षर उभे होते. चोर सापडला!

हा चोर फार जुना आहे. टेलिटाइप ३३ या दूरमुद्रकाचा वेग सेकंदाला १० अक्षरे इतका होता. ओळ संपली की त्याला दोन वेगळी कामे करावी लागत : मुद्रणशीर्ष डावीकडे परत नेणे आणि कागद एका ओळीने वर सरकवणे. त्यासाठी दोन सांकेतिक अक्षरे ठरली. परत फिरण्याचे १३ क्रमांकाचे, कागद सरकवण्याचे १० क्रमांकाचे. युनिक्सच्या कर्त्यांनी फाईलमध्ये फक्त १० क्रमांकाचे अक्षर ठेवले. डॉसने मात्र आधीच्या सीपी/एम या प्रणालीप्रमाणे दोन्ही ठेवली, आणि विंडोजने ती प्रथा पुढे चालवली. रोमन वर्णमालेतील तेरावे अक्षर एम, म्हणून १३ क्रमांकाच्या खुणेसाठी एम!

आता उलगडा झाला. ग्रेपला ‘अगदी शेवटी शून्य’ हवे होते. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्य नसून १३ क्रमांकाचे अक्षर होते. ग्रेपने दिलेले उत्तर त्याच्यापुरते अचूकच होते. प्रश्न आणि फाईल यांचाच मेळ नव्हता.

‘टीआर’ या साधनाने ती अक्षरे गाळून आम्ही स्वच्छ नोंदी दुसऱ्या फाईलमध्ये घेतल्या. दुसऱ्याच फाईलमध्ये का? उत्तर मूळ फाईलमध्येच वळवले, तर काम सुरू होण्यापूर्वीच ती कोरी होते आणि चार महिन्यांची मेहनत वाया जाते. नंतर दोन्ही फाईली मोजल्या. नवी फाईल बरोबर १२२ बाइटांनी लहान होती. ओळी १२२, गाळलेली अक्षरेही १२२! मग ग्रेपला पुन्हा तोच प्रश्न विचारला. उत्तर आले : १९. मुलीच्या वहीतील शून्येही तितकीच.

मुळशी : तीन, पाच की पंधरा?

अक्षरे मोजतानाही असाच चकवा बसतो. ‘मुळशी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. म, उकार, ळ, श आणि ईकार ही चिन्हे सुटी मोजली तर पाच होतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतात त्यांना पाच बाइट पुरत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीकरणात मोठे काम केले आहे. आज सर्वत्र वापरात असलेला यूटीएफ-८ हा संकेत मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट घेतो. म्हणजे ‘मुळशी’ला पंधरा. हा संकेत १९९२ साली रॉब पाइक यांच्यासह तयार करणारे गृहस्थ कोण? युनिक्सचे तेच केन थॉम्पसन!

तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपण नेमके काय मोजतो आहोत, हे आधी ठरवले पाहिजे.

शून्य त्रुटी

व्हर्निअर कॅलिपर वापरण्यापूर्वी तुम्ही जबडे मिटवून शून्य त्रुटी पाहता ना? संगणकाच्या साधनांनाही तीच शिस्त लावावी. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा दोन-तीन ओळींचा नमुना प्रथम द्यावा. दोष आढळल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आलेला संदेश न वाचता पुसू नये. मूळ फाईलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणे आले म्हणून ते खरे मानू नये. मुळशीत एकही कोरडा दिवस नाही हे आम्हा सर्वांना पटण्याजोगे होते, म्हणूनच ती चूक निसटणार होती. रोज सकाळी साडेआठला हाताने लिहिलेल्या वहीने आम्हाला वाचवले.

करून पाहा : नोटपॅडमध्ये पाच ओळी टंकून फाईल साठवा. प्रत्येक ओळीनंतर, पाचवीनंतरही, एंटर कळ दाबा. लिनक्सच्या खिडकीत कॅटने ती तपासा. मग १३ क्रमांकाची अक्षरे गाळून नवी फाईल करा. ती किती बाइटांनी लहान होईल? आधी वहीत उत्तर लिहा, आणि मगच संगणकाला विचारा.