व्हिडिओ गेममधील अनपेक्षित खेळ : संकल्पना आणि शैक्षणिक आशय

प्रस्तावना

व्हिडिओ गेमचा रचनाकार खेळाचे नियम, उद्दिष्ट आणि मर्यादा ठरवितो. खेळाडू मात्र पुष्कळदा त्याच नियमांच्या आधारे रचनाकाराच्या ध्यानीमनी नसलेली वाट शोधतो. अशा खेळाकडे लबाडी म्हणून पाहिले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे आणि अध्यापकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नियम आणि अपेक्षा

नियम आणि अपेक्षा या भिन्न गोष्टी होत. व्हिडिओ गेममध्ये नियम आज्ञावलीत लिहिलेला असतो; अपेक्षा रचनाकाराच्या मनात असते. लबाड खेळाडू खेळ खेळत असल्याचा बहाणा करतो, असे डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात दाखविले आहे. अनपेक्षित खेळात असा बहाणा नसतो. तेथे नियम शाबूत राहतो, केवळ अपेक्षा मोडते.

टेट्रिसचे उदाहरण

अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस निर्माण केला. निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की बटण दाबून धरल्यास ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे हाच खेळाचा शेवट मानला जाई. पुढे खेळाडूंनी बटण दाबून धरण्याऐवजी अंगठ्याने अतिवेगाने ठोकण्यास प्रारंभ केला. त्यानंतर अंगठा बटणावर स्थिर ठेवून नियंत्रकाच्या मागील बाजूवर बोटे वाजविण्याची पद्धत रूढ झाली. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ वी पातळी गाठली, तेव्हा आज्ञावलीच बंद पडली. येथे एकही नियम मोडलेला नव्हता.

देवळालीतील दाखला

ही वृत्ती व्हिडिओ गेमपुरती मर्यादित नाही. नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी हिशेबासाठी रूढ असलेल्या दशमान लेखनपद्धतीलाच खेळाचे साधन केले. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी व हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४ मिळते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हीच संख्या येते. अशा अंकक्रीडेस काही गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यानंतर मात्र तिची सर्वदूर दखल घेतली गेली.

मूल्यमापनाच्या संदर्भात

प्रश्नपत्रिका हीसुद्धा एक रचना आहे. शेजाऱ्याचे उत्तर उतरविणारा विद्यार्थी नियम मोडतो. नमुना उत्तरात नसलेल्या, परंतु तर्कशुद्ध मार्गाने उत्तर काढणारा विद्यार्थी केवळ आपली अपेक्षा मोडतो. दोघांचेही गुण कापले गेले, तर दुसऱ्यावर अन्याय होतो. जुन्या प्रश्नपत्रिकांतील ठरावीक प्रश्न पाठ करून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी तिसऱ्या प्रकारचा. त्याने नियम मोडलेला नाही. रचनेतील उणीव मात्र उघड केली आहे. तिचे निराकरण प्रश्नपत्रिका बदलून करावे लागेल.

निष्कर्ष

अनपेक्षित खेळ सरसकट निषिद्ध किंवा सरसकट स्तुत्य ठरत नाही. नियम मोडला की अपेक्षा, याची शहानिशा आधी केली पाहिजे. अपरिचित उत्तरावर फुली मारण्यापूर्वी परीक्षकाने ते अखेरपर्यंत तपासावे, एवढी किमान अपेक्षा यातून निष्पन्न होते.