गाळ किती निघाला आणि धरणात जागा किती झाली?

मिरजगाव परिसरातले, निमगाव गांगर्डा येथील सीना धरण 2400 दशलक्ष घनफूट क्षमतेचे. 100 घनफुटांचा एक ब्रास धरला, तर या क्षमतेचा अवघा एक टक्का म्हणजे 2 लाख 40 हजार ब्रास. राज्याने 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. 2023 मध्ये ती नव्याने राबवताना लहान शेतकऱ्यांना गाळ शेतात पसरण्यासाठी घनमीटरमागे 35.75 रुपये अनुदान ठरले. काढलेल्या गाळाचा हिशेब टिपर-ट्रॉलीच्या खेपांवरून मांडणे सोपे असते. पण खेपांची बेरीज म्हणजे धरणात झालेली जागा नव्हे. खोदलेली माती फुगते, काठावर राहिलेला ढीग पावसात पुन्हा आत येतो आणि नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणून टाकते. म्हणून तळाची उंची खोदाईआधी आणि नंतर मोजणे, एवढाच खरा पुरावा उरतो.

या दोन मोजण्यांच्या वजाबाकीतच संख्याशास्त्राचे काम सुरू होते. 100 हेक्टर तळावर उंचीत सरसकट पाच सेंटिमीटरची चूक झाली, तर हिशेब 50 हजार घनमीटरने, म्हणजे सुमारे 17 हजार 700 ब्रासने चुकतो. सुट्या चुका कुठे वर, कुठे खाली पडतात आणि बिंदू वाढवले की एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. पण दोन्ही वेळी संदर्भबिंदू वेगळा धरला, किंवा मोजणीची काठी मऊ चिखलात रुतली, तर चूक एकाच बाजूची होते. मग हजार बिंदू घेतले तरी ती हटत नाही. शिवाय शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखेच बोलतात, त्यामुळे हजार बिंदूंत हजार बिंदूंइतकी माहिती नसते. हे नाते अंतरानुसार कसे विरत जाते ते तपासून मधल्या जागांची उंची आणि तिची अनिश्चितता काढण्याची रीत दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या डॅनी क्रीग यांच्या नावाने ‘क्रिगिंग’ म्हणून ओळखली जाते. खाणीतले सोने आणि तळातला गाळ, दोन्ही मोजक्या ठिकाणीच तपासता येतात.

यावर कोणी म्हणेल, उपग्रहचित्रे आहेतच. आहेत, पण ती पाण्याची कड दाखवतात. पाणी ज्या पातळीखाली कधी उतरलेच नाही, तिथला तळ त्यांना दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाळाने मुरमाड रान सुधारले, तर एवढ्या काटेकोरपणाची गरज काय? शेताच्या फायद्यासाठी खेपांची नोंद पुरेशी आहे, हे मान्य. पण तीच नोंद ‘धरणाची साठवण वाढली’ या दाव्यासाठी वापरणे गैर. मोजणीच्या खर्चाचा आक्षेपही, हे धरण ज्या अवर्षणप्रवण कर्जत तालुक्यात आहे तिथे, सैल पडतो, कारण उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ बोटीविना, जमिनीवरूनच मोजता येतो. अट इतकीच की मोजणी उघड्या तळावरच्या गाळपेरीची नांगरट होण्याआधी व्हावी आणि भिंतीवरची एकच पक्की खूण दोन्ही वेळी आधार असावी. निघालेल्या आकड्यासोबत त्याची कमी-अधिक मर्यादाही छापावी. ती मर्यादा आकड्यापेक्षा मोठी निघाली, तर साठवण वाढल्याचे सिद्ध झालेले नाही, असेच अहवालात लिहावे लागेल. पुढच्या वर्षीचा निधी कुठल्या धरणाला द्यायचा, याचा निर्णय त्यानंतरच जबाबदारीने होऊ शकतो.